अडीच मिलिमीटर

तोल्मेत्सोच्या पुलाअलीकडे माझं गॅरेज.
शटर वर केलं की आधी नदीची थंडी आत येते,
मग गिऱ्हाईक.

परवा दुइलिओ आला.
तीस वर्षं लाकडाचे ट्रक हाकलेला माणूस.
म्हणाला, निवेस, हँडल जरा जड कर.
या नव्या गाड्या फार हांजी हांजी करतात,
मी वळायचं ठरवण्याआधीच वळलेल्या असतात.
मला अशी हवी,
जी आधी विचारेल, नक्की ना?
मी डॅम्पर दोन खटके आवळला.
त्याने जागच्या जागी हँडल फिरवून पाहिलं
आणि सासऱ्याशी पटल्यासारखा हसला.

त्याच दुपारी एर्मेस,
पिझ्झेरियात भांडी घासणारा, बावीसचा.
त्याला खरं तर हँडलच नकोय,
नजर जाईल तिकडे गाडी गेली पाहिजे.
त्याला काय सांगणार
की डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकलावी लागते,
चाक क्षणभर उजवीकडे बघतं,
रुसल्यासारखं,
आणि मगच सगळी गाडी डावीकडे झुकते.
त्याच्या हातांना हे माहीत आहे.
त्याला नाही.

तुलिआ सुईण.
वरच्या खेड्यांत जाते, रात्री-अपरात्री.
गाडी नवऱ्याची. तो जाऊन दोन हिवाळे झाले.
मागच्या वर्षी तिचा डावा खांदा निखळला, तेव्हापासून
उजवी वळणं येतात, म्हणाली, डावी येत नाहीत.

मी पाउलारोच्या रस्त्याने चालवून पाहिली.
दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखी.
प्रत्येक वळणावर ती उभीच राहू पाहायची,
नव्वद किलोच्या कुणाची तरी
वाट बघत.

मग फोर्कच्या नळ्या पाच मिलिमीटर वर सरकवल्या.
हँडल दोन बोटं रुंद घेतलं.
स्प्रिंग तिच्या वजनाला लावली.
क्लॅम्पच्या काठाशी, नळीवर,
त्याने खिळ्याने ओढलेली एक रेघ होती.
ती आता वर आली, उघड्यावर.
मी फडकं फिरवलं नाही त्यावरून.

आठ दिवसांनी तुलिआ परत.
हेल्मेट काखेत, बुटांना बर्फाचा चिखल.
छान झालीये, म्हणाली,
आणि जाईना.
पान्यांच्या फळीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, फार सोपी झाली गं.
पहाटे तीनला एकटी उतरते मी घाट.
कुणीतरी थोडं अडून बसलेलं
बरं असतं.
निम्मं परत दे.

अडीच मिलिमीटर.
पट्टीवर दाखवलं तर कुणीही हसेल.
बोल्ट सैल केले, नळ्या खाली घेतल्या,
रेघ अजून दिसत होती, तेवढीच, अडीच.
पैसे घेतले नाहीत. तिने ठेवलेच.

गॅरेजबाहेर पहिलंच वळण डावं.
खांदा सावरत, जराशी कुरकुरत
गेली ती.

मी शटर खाली ओढलं.
हेही डावीकडेच अडतं.
कधीपासून तेल घालायचं राहिलंय.