दिसते ती वाफ नव्हे

"काऊन बे सुगत, हात कुठं घालून राहिला?"

नळीच्या तोंडापासून दोन बोटं
जिथं काहीच दिसत नाही,
तिथंच वाफ असते.
पुढं पांढरा ढग फुलतो
ते तर परतीला लागलेलं पाणी.

कोराडीला ठेक्यावर होतो तेव्हा कळलं हे.
पाइप कुठं गळतो ते शोधायला
सोनकुसरे मिस्त्री बांबूला चिंधी बांधून
हवेत हळूहळू फिरवायचे.
चिंधी फाटली की म्हणायचे, सापडली.
मी एकदा नुसता हात फिरवला.
घड्याळ या मनगटावर उगाच नाही बांधत मी.

ऑटोमोटिव्ह चौकातून आत, टायरवाल्याच्या मागं
आमची शेड.
जानेवारी. पत्र्यावरून दव गळतंय,
आणि बँकेनं ओढून आणलेली चंदेरी गाडी
दोन हप्ते यार्डात बंद राहून
आंबूस वास धरून उभी.
सोमवारी लिलाव.
"वास गेला पाहिजे," एवढंच सांगून गेला बँकेचा माणूस.

"आधी झाड. धूळ राहिली त वाफेनं चिखल होते.
नळीच्या तोंडाले कपडा गुंडाळ.
हात चालता ठेव, इस्त्री करते तसा,
एका जागी थांबला का सीट करपली समज.
स्टिअरिंगच्या मधात नाही, तिथं एअरबॅग झोपून आहे.
स्क्रीनले नाही. बटनाले नाही.
छताले त बिलकुल नाही,
गोंद सुटते न् कापड
लग्नाच्या मांडवावानी डोक्यावर येते.
हे लेदर म्हणून इकलेलं रेक्झिन,
सीटच्या खालून, कोणाले दिसत नाही तिथं
एकडाव मारून पाह्य पहिले.
न् दारं? चारही उघडी ठेव ना बे!"

सीटखाली निघालं:
संत्र्याच्या साली, वाळून कानासारख्या झालेल्या,
मेडिकलच्या ओपीडीची चिठ्ठी,
एक मोजा, डाव्या पायाचा का उजव्या कोण जाणे,
रामटेकच्या जत्रेतली शिट्टी.
सुगतनं शिट्टी वाजवून पाहिली.
मी ओरडलो नाही.

तर्रीचा डाग दोन फेऱ्यांत सैल झाला,
कोरड्या कपड्यात उतरला पिवळा.
काचेला वाफ लावू नको म्हटलं होतं,
थंड काच तडकते.
त्यानं नाहीच लावली.
वाफच गेली आपणहून,
मागच्या डाव्या काचेवर चढली,
आणि काचेवर उमटला
फुल्ली-गोळ्याचा डाव.

फुल्ल्या बारीक बोटाच्या. दोन.
गोळे जाड बोटाचे. तेही दोन.
फुल्ल्या एका ओळीत, तिसरं घर रिकामं.
गोळेवाल्याला तिथं अडवता आलं असतं.
त्यानं कोपऱ्यात भलतीकडेच गोळा काढला होता.
पुढं काय झालं माहीत नाही.
गाव आलं असेल.
सिग्नल सुटला असेल.
किंवा त्या दिवशीच
दोन माणसं चावी मागायला उभी असतील.

सुगतचं बोट वर गेलं.

"पहिले मशीन बंद कर," मी म्हणालो.
"झाकणाले हात नको लावू.
आत अजून दाब आहे.
काटा शून्यावर येऊ दे,
मंगच खोलायचं."

त्यानं बटण दाबलं.
माझ्याकडं न बघता
तिसरी फुल्ली मारली,
आणि आडवी रेघ, तिन्हीवरून.

पुसायचा कपडा माझ्या खांद्यावर होता.
काटा उतरत होता,
दोनावर, दीडावर,
चहावाल्याचा पोरगा दोन कट घेऊन आला, उभा राहिला.
"काय पाहून राहिले भाऊ?"

काही नाही, म्हटलं.
थंड होऊ दे.