अस्तर

आठाच्या ठोक्याला शेजारच्या प्लॉटवर
पायलिंगचं मशीन सुरू होतं
आणि सुपारी मोरीत जाते.
बादलीच्या मागे, नळाखाली.
आमच्या घरातली सगळ्यात जाड भिंत तिथेच आहे.
तिला कसं कळलं कोण जाणे,
बिल्डरच्या इंजिनिअरला नकाशा उघडावा लागला होता.

टिळकनगरच्या इमारती एकेक करून उतरवतायत.
आमची पुढच्या वर्षी.
मीटिंगमध्ये सगळे कार्पेट एरियावर भांडतात.
सुपारीचं म्हणणं तिच्या मागच्या पायांत.
थरथर. फरशीवर लाळेचं थारोळं.
डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, एरवी कधी न दिसणारा.

पहिल्या आठवड्यात मी होत्या नव्हत्या त्या चुका केल्या.
ओढून बाहेर काढली. ओरडले.
बिस्किट नाकाशी धरलं, तिने तोंड फिरवलं.
मग मलाच रडू कोसळलं
तेव्हा ती आणखी आक्रसली,
जणू आता घरातही एक मशीन चालू झालं.

डॉक्टर भेसानिया चष्मा पुसत म्हणाले,
तिला समजावू नका. बाजूला बसा.
आपलं काम करत बसा.

माझं काम फॉल-बिडिंग, ब्लाउजला अस्तर.
शिलाई मशीन मोरीत नेता येत नाही,
पण हातशिलाई उंबऱ्यावर बसूनही होते.
तर मी उंबऱ्यावर, ती बादलीमागे,
मध्ये ओली फरशी आणि दोऱ्याचं रीळ.

घट्ट काहीतरी अंगाला बांधून बघा, हेही त्यांनीच सुचवलेलं.
कपाटात अस्तरांचे तुकडे पडलेलेच असतात.
सेल्वीच्या लग्नातलं मोरपंखी,
रेगेबाईंचं राणी कलर, जे त्यांनी परत केलं.
टेप घेतला.
छाती एकवीस, पोट सतरा, गळा तेरा.
पहिल्यांदा माप द्यायला आलेली मुलगी
श्वास रोखून उभी राहते, तशी उभी राहिली.
त्या मुलींना मी म्हणते, श्वास सोड गं,
नाहीतर नंतर बसणार नाही.
हिलाही म्हटलं.
सोडला नाही.
जाकीट दोनदा उसवलं.

तेराव्या दिवशी मी खाली उतरले, भांडायलाच.
मशीनवरचा पोरगा कान चोळत आला.
त्याचं मला ऐकू येईना, माझं त्याला.
शेवटी मोबाईल पुढे केला,
बादलीमागचा फोटो.
त्याने बराच वेळ बघितला. अंगठ्याने मोठा करून बघितला.
तिचं नाव विचारलं. स्वतःचं सांगितलं, लखिंदर.
मशीन बंद ठेवणं त्याच्या हातात नव्हतं,
वेळ बदलणंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठाला मिनिट कमी असताना
केबिनमधून त्याने हात वर केला,
आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघत.
मग रोजच.

त्या एका मिनिटात
तीन हुक, एक नाडी,
पाट, सुई, चष्मा.
हल्ली हात वर झालेला तीच आधी बघते
आणि धावत नाही,
चालत जाते मोरीत,
कामावर निघालेल्या बाईसारखी.

बरी झाली असं मी म्हणणार नाही.
थरथर उशिरा सुरू होते, लवकर संपते, एवढंच.
परवा बादलीमागून पुढे आली,
माझ्या पावलावर हनुवटी ठेवली,
आणि जमिनीतून निघालेला प्रत्येक घाव
तिच्या हाडांतून, मोरपंखी कापडातून
माझ्या घोट्याशी आला
तो जरा मऊ होऊन.

लखिंदर अजून कान चोळतो.
कंपनीने दिलेले बोळे कधीच हरवलेत म्हणे.
काल रात्री एक कानटोपी शिवायला घेतली,
आत दुहेरी अस्तर, मध्ये कापूस, राणी कलर.
हेल्मेटखाली मावेल का, माहीत नाही.
दुसऱ्या मजल्यावरून
नुसत्या नजरेने घेतलेलं माप,
अर्धा इंच इकडेतिकडे होईल.