बरकुआ परगणा

कलेक्टर कचेरीतून कागद आला:
परगण्याची माहिती पाठवा, दोन पानांत.
सीमा, नद्या, लोक, इतिहास.
तहसिलीत मोडी वाचणारा मी एकटाच उरलो,
म्हणून माझ्या टेबलावर.

ग्वाल्हेरपासून अठरा कोस. उन्हाळ्यात वीस.
पूर्वेला दगडाच्या खाणी.
पश्चिमेला खाणी होत्या, आता तळी आहेत,
चौकोनी, उताराशिवाय;
त्यांत म्हशी उतरत नाहीत.
उत्तरेला एक नदी, चार महिने नदी
आणि आठ महिने बैलगाडीची वाट.
दक्षिणेला कुंपण, एका पक्ष्यासाठी.
तो पक्षी माझ्या नोकरीच्या काळात कुणी पाहिला नाही.
कुंपणाला मात्र दरसाल रंग लागतो.

छोट्या लाइनची गाडी होती.
चढणीवर ड्रायव्हर लईक खाँ खाली उतरून
विडी पेटवायचा आणि चालत जाऊन पुन्हा चढायचा.
रूळ उचलून नेले.
स्टेशनची घंटा शाळेत आहे, ती आम्ही मागून घेतली.

इतिहास रुमालात बांधलेला आहे.
गाठ सोडली की आधी कसर उडते.
'मौजे बरकुआ. घोडी चार. सरकारी विहीर एक.
आंबे सत्तावीस, पैकी वठलेले तीन.'
हे अक्षर माझ्या खापरपणजोबांचं,
वाटोळं, कसलीच घाई नसलेलं.
दक्षिणेतून फौजेमागं आलेला कारकून;
त्यानं वठलेले आंबेसुद्धा मोजले.

सुमरी तिसऱ्यांदा आली आहे.
भुवया खाणीच्या धुळीनं पांढऱ्या.
नवरा खोकत गेला, मग दीर,
दोघांच्या चिठ्ठीवर दवाखान्यानं टीबी लिहिलं.
आता वनखातं म्हणतं, तुमचा सहराना कालचा,
जुना असेल तर कागद आणा.
"हमाओ नाँव लिखो है का, बाबू?"

सापडलं. एकशे बाराव्या पानावर,
समासात, पातळ झालेल्या शाईनं:
'नाल्यापलीकडे सात चुली. डिंक व मध आणितात.
वसूल नाही. सबब नांव लिहिलें नाही.'

तिला हिंदीत सांगताना
मी त्या एका शब्दापाशी अडतो.
सबब तिच्याही भाषेत आहे, तिथं त्याचा अर्थ कारण.
आमच्यात तो बहाण्यालाही चालतो.
पणजोबांनी कुठला लिहिला, कोण जाणे.
आंबे देणं लागत होते, त्यांची मोजदाद झाली.

ती हे ऐकतच नव्हती.
ती सातापाशी थांबली होती,
अंगठा पेरांवरून फिरवत.
आजेसासूची एक. तिच्या जावेची.
भगताची. दोघा आंधळ्या भावांची मिळून एक.
नाल्यात वाहून गेली ती.
मध काढणाऱ्याची.
सहा झाल्या.
सातवी कुणाची ते म्हातारीला ठाऊक, म्हणाली,
विचारून उद्या येते.

माहिती आज संध्याकाळच्या टपालानं जायची होती.
साहेबांनी दोनदा शिपाई पाठवला.
मी चिठ्ठी दिली:
परगणा तयार आहे, एक चूल बाकी.