भित्यापाठी

हॅलिफॅक्सच्या त्या उतारावर, चिप्सच्या दुकानासमोर,
सकाळी सव्वाआठ ते नऊ
आणि दुपारी तीन ते पावणेचार
मी रस्त्याच्या मधोमध उभी राहते.
हातात काठी, तिच्या टोकाला ताटाएवढी गोल पाटी,
अंगात पिवळाजर्द कोट,
त्याखाली दोन स्वेटर, त्याखाली मी.

खडीचे ट्रक येतात, पावाच्या व्हॅन,
उशीर झालेले बाप, एका हातात टोस्ट.
मी पाऊल टाकते, ते थांबतात.
पोरांच्या आया विचारतात, तुम्हाला भीती नाही वाटत?
नाही वाटत.
थांबायचं हे पाटीवर लिहिलेलं आहे.

माझी भीती घरी असते.
फोन वाजला की मी वाजू देते,
मग कुणाचा होता, या घोरात संध्याकाळ जाते.
बँकेतली मुलगी 'सॉरी?' म्हणाली
की तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलताना
तीस वर्षांचं इंग्रजी जिभेवरून उतरून चालू लागतं.
शेजारचा रेग गेल्यापासून
कचऱ्याचा डबा ओढताना
मी त्याच्या खिडकीकडे बघत नाही.
एवढीएवढीशी भीती. मोहरीएवढी.
फोडणीत टाकली तर तडतडून मोकळी होईल,
पण मी डबीत ठेवते,
आणि डबी भरत जाते.

आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.
मिरजेत होते तेव्हा वाटायचं, तो पिंपळावर असेल.
इथे आल्यावर कळलं,
पाठी म्हणजे नुसता पाठी.
पुढे येत नाही, धक्का देत नाही.
सुपरमार्केटच्या रांगेत माझ्यामागे उभा असतो,
हातात टोपलीसुद्धा नसते.

डेक्लन पाच वर्षांचा. गटाराच्या जाळीला भितो.
खाली कोण आहे ते सांगत नाही,
सांगितलं तर त्याला ऐकू जाईल म्हणून.
सप्टेंबरभर माझं बोट धरून
जाळीला वळसा घालून गेला.
ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी म्हणाला,
मिसेस कॅम, बोट सोड.
(खांबेटे त्यांच्या जिभेला लांब पडतं.)
आणि डोळे गच्च मिटून, नाक गळत, रडत रडतच
दोन्ही पाय जाळीवर ठेवून उभा राहिला.
मी विचारलं, गेली का रे?
कोण?
भीती.
वर्गात मीच कच्ची असल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.
नाही, म्हणाला. खालीच आहे की.

नोव्हेंबरात इस्पितळाचं पाकीट आलं.
छातीचा फोटो काढून पंधरा दिवस झाले होते.
चार दिवस ते मायक्रोवेव्हवर पडून राहिलं.
चार दिवस मी दूध गॅसवर तापवलं.
पाचव्या दिवशी ते कोटाच्या खिशात घालून ड्यूटीवर गेले,
आणि आठ बावन्नला, गर्दी ओसरल्यावर,
काठी काखेत धरून फोडलं.
दोन ओळी. पुन्हा या.
बहुधा काही नसेल, तरी या.

गुडघ्यांचं पाणी झालं.
तेवढ्यात वरच्या गल्लीतून झैनब धावत आली,
एका पायात मोजा नाही, दप्तर उघडं,
घंटा झाली का, घंटा झाली का?
पाकीट कोंबलं. काठी उचलली. उतरले.
पाय लटपटत होते.
खडीचा ट्रक थांबला.
त्याला काय, तो काठीला थांबतो,
काठी धरणारीचे पाय बघत नाही.

झैनब पलीकडे पोचली.
रस्ता रिकामा, आणि मी तशीच मधोमध.
ट्रकवाल्याने भुवया वर केल्या.
मी त्याला हातानेच 'थांब जरा' केलं,
मागे वळले,
फुटपाथच्या कडेशी तो उभा होता, मुकाट,
शाळेच्या पहिल्या दिवसासारखा.
म्हटलं, चल बाबा. ये तूही.
सावकाश नेलं त्याला पलीकडे.

तीनला परत येईलच.