शेऱ्याचा रकाना

सेंट पॉल, फेब्रुवारी. खिडकीखाली नदी
अर्धी गोठलेली, अर्ध्या पाण्याचं अजून ठरत नाही.
सातव्या मजल्यावर मी, माझा तक्ता,
आणि समोर मारित टॉर्केल्सन,
बेकारी भत्ता खात्याच्या मुख्य माहिती अधिकारी.
मला त्यांना एक ते पाचात बसवायचं आहे.

धोरणाशी सुसंगती?
त्या म्हणतात, माझ्याआधी चौघं होऊन गेले.
प्रत्येकाने येताना नवं धोरण आणलं,
जाताना निरोपाचा केक खाल्ला.
जुनं यंत्र तळघरात घोरतंच आहे.
त्याची भाषा जाणणारा एकच उरलाय,
व्हर्लिन, वय एकोणऐंशी,
मंगळवारी येतो, डायलिसिस नसेल तर.

खर्चावर नियंत्रण?
सही अर्थखात्याची. खरेदी तिसऱ्याच इमारतीत.
दुखण्याचं नाव माझ्या दारावर,
औषधाच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.

मी लिहितो : तीन.

मग त्या खण उघडतात.
पेन्सिलने लिहिलेली यादी, चारशे बारा नावं.
ओ'डेल. डी'अमिको. ओ'शॉनेसी.
नावाच्या डोक्यावर एवढीशी शेपटी,
यंत्राच्या घशाखाली उतरेना,
म्हणून नोव्हेंबरपासून ही माणसंच अडकलेली,
बहुतेक उत्तरेकडची,
खाण बंद पडलेल्या गावांतली.
रोज संध्याकाळी पाच जणांना फोन करते, त्या सांगतात.
काय बोलता?
आधी नाव नीट उच्चारते.

हे तुमच्या कामात मोडतं का?
कुठल्या रकान्यात मोडतं, ते तुम्ही सांगा.

रात्री हॉटेलात यादीतला एक नंबर फिरवला.
रोझेला डी'अमिको, खाणीत डंपर चालवायच्या.
ती बाई? हो, करते ना फोन.
कुत्र्याची चौकशीसुद्धा करते, आजारी होता तो.
पैसे?
छे. पैसे कुठे आलेत.

दोन्ही खरं होतं. चांगुलपणाला पाच देऊ,
की न आलेल्या पैशांना एक?
बेरीज भागिले दोन : तीन.
माझ्याच अंकाची मला लाज वाटली.
म्हणून शेऱ्याच्या रकान्यात सगळं लिहिलं,
कुत्र्यासकट,
रोझेलाबाईंच्या पूर्ण नावासकट.

पडदा लाल झाला :
अवैध चिन्ह. कृपया दुरुस्त करा.

खालून बर्फ खरवडणारी गाडी गेली.
पुन्हा पाठवून पाहिलं. पुन्हा लाल.
मुदत बारापर्यंत, घड्याळात अकरा छप्पन्न.

मी ती शेपटी पुसली.
फॉर्म मुकाट्याने गेला.