तिसरा रकाना

एकोणीसच्या पुरात बँकेचा सर्व्हर तळघरात बुडाला,
तेव्हा मी नोकरीला नव्हते.
पण पाण्याची रेघ अजून भिंतीवर आहे.
रंगाऱ्याला दोनदा सांगूनही
त्यानं नेमकी तेवढी पट्टी सोडली.
माझं टेबल तिच्या खाली.
खुर्चीत बसले की पाणी डोक्यावरून जातं.

म्हणून आता दोन.
एक इथं सांगलीत, पेठेतल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर.
एक कुपवाडला, चढावर,
जिथं शेजारच्या शेडमध्ये दिवसभर हळद पॉलिश होते
आणि पंख्याच्या जाळ्या पंधरवड्याला पिवळ्या निघतात.
इथं लिहिलेलं तिथं लिहिलं जातं,
पापणीभर उशिरा, पण जातं.

दर सेकंदाला एक विचारतो, हाय का?
दुसरा म्हणतो, हाय.
रात्रंदिवस एवढंच.
"नवराबायकोत बी एवढं बोलणं होत न्हाई,"
वायरिंगवाला बशीर मुतवल्ली म्हणाला,
आणि पुन्हा शिडीवर चढला.

तिसरा तासगावच्या शाखेत, कपाटावर, डब्याएवढा.
त्याच्याकडे एकही खातं नाही, एक रुपया नाही,
फक्त मत आहे.
कारण मधली तार तुटली तर
दोघांनाही वाटणार की समोरचा मेला,
दोघंही गादीवर बसणार,
आणि एकाच खात्यातून
एकच रक्कम दोनदा उचलली जाणार.
भावकीत जे होतं तेच.

पहिल्या आठवड्यात फोन रात्रीतून एकेचाळीस वेळा वाजला.
डिस्क सत्तर टक्के: वाजला.
व्याज लागलं: वाजला.
बॅकअप सुरू झाला, बॅकअप संपला.
बाविसाव्या वेळेपासून मी झोपेतच बंद करू लागले,
आणि सकाळी त्याचीच भीती वाटली.

मग बाबासो कोष्टींकडे गेले.
एकतीस वर्षं आयर्विन पुलावरचे फूट वाचून
पाटबंधारे खात्याला कळवणारा माणूस,
आता घरी बसून सुपारी कातरतो.
मी आलेख दाखवला. त्यांनी चष्मा लावला नाही.
"पाणी किती, हे कुणीबी सांगंल पोरी.
तासाला किती चढतंय, ते बघ."

घरी येऊन सगळे नियम खोडले.
सत्तरला नको, चढणीला वाज.
फोन तीनवर आला.

शनिवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
बशीरनं केबलवर हात ठेवला,
बिस्मिल्ला म्हणाला. मी काहीच म्हणाले नाही.
ओढली.

हाय का?

हाय का?

हाय का?

तासगावनं हात वर केला.
मी घड्याळाकडे बघत होते.
अकरा सेकंद
एक लाख बारा हजार खाती कुणाचीच नव्हती.
बेदाण्याच्या सौद्याचे पैसे, दवाखान्यासाठी ठेवलेले,
सुनेपासून लपवलेले,
कुणाचेच नव्हते.
बशीरच्या मुठीत केबलचं टोक होतं,
मेलेल्या सापासारखं नाही,
नुसतं केबलचं टोक.

मग कुपवाड म्हणालं, मी.

सोमवारी काउंटरवर कुणी काही विचारलं नाही.
एका बाईंनी सातशे काढले,
पासबुकावरची शाई फिकी येते म्हणाल्या.
तक्रार नोंदवून घेतली.

आता फक्त कागद उरला होता, ऑडिटचा:
फोन कुणाला लावायचा, क्रमानं.
पहिला रकाना, मी.
पाच मिनिटं उत्तर नाही, तर नामदेव आरगे.
त्यांनीही नाही उचलला, तर
रकाना मोकळा.
"टाका कुणाचंही," मॅनेजर म्हणाले, "तिथवर जाणार नाही."

मी बाबासोंचा नंबर टाकला.
त्यांनी आयुष्यात सर्व्हर पाहिलेला नाही.
पण काल रात्री तपासायला म्हणून लावला,
तर पहिली रिंग पुरी व्हायच्या आत
उचलून म्हणाले,
"बोला. किती फूट?"