माप

जनगणनेच्या बाई ओट्यावर बसल्या वही उघडून.
घरात माणसं किती, वय किती.
मी म्हटलं, माझं राहू द्या, गावाचं वय विचारा.
मणियाराच्या पेट्यांत ते मापानं भरलेलं असतं.

अम्मी देवणीच्या बाजारात बसायची तेव्हा
दीडची पेटी दुपारच्या आत रिकामी.
एकेका घरच्या चार चार पोरी,
एकीचं रडणं थांबायच्या आत
दुसरीचं मनगट अम्मीच्या मुठीत.
म्हातारे हात इतके थोडे
की कुणाकुणाचे ते तिला नावानिशी पाठ.

मग त्याच पोरी मोठ्या झाल्या, एकदमच.
सव्वादोन पुरेना. लग्नसराईत
रात्र रात्र मी हिरव्या डझनांना सुतळी बांधायचो.
हे असंच चालणार, असं धरून
दुकानावर नवे पत्रे घातले.

पुढं दीडची पेटी संपायला आठवडा लागू लागला,
मग महिना.
दोनच पुरे, असं दवाखान्यातून घरोघर गेलं होतं, ते समजत होतं.
पण एका साली बाळांच्या मनगट्या नेहमीइतक्या गेल्या
आणि पाच वर्षांनी
पोरींच्या बांगड्या तशाच पडून राहिल्या.
त्या हिशेबाबद्दल मी कुणाशी बोललो नाही.

सव्वादोनवाल्या आता पुण्याला, मनगटावर घड्याळ.
इथं उरले ते हात
बहुतेक मोकळे. नवरे आधी गेलेले.

परवा सोजरबाई बिरादार आली काठी टेकत.
"भर," म्हणाली.
पस्तीस वर्षं झाली तिच्या बांगड्या फुटून.
"बघतोस काय मुस्तफा?
नको म्हणणाऱ्या समद्या मेल्या.
गावात आता माझ्याहून थोर कोण हाय?"

सव्वादोन बोटांच्या गाठींवर अडली.
अडीच गेली, साबण न लावता,
आणि हात वर करताच
हाडावर वाजत कोपरापर्यंत घसरली.
गाठींतून जाईल आणि मनगटावर थांबेल
असं माप अजून कुणी काढलेलं नाही.
तिनं चारच ठेवल्या.
पैसे नातू फोनवरून टाकील म्हणाली,
नातवानं टाकलेसुद्धा.

बाईंचं पेन थांबलंय.
सवयीनं मी त्यांचं मनगट बघतो. सव्वादोन.
"ते सगळं ठीक आहे, मामू," त्या म्हणतात,
"पण घरात माणसं किती?"

एक. लिहा, एक.